विमागणिताच्या एम.एस्सी.ला जाण्यापूर्वी

मुलाने किंवा मुलीने पदवीनंतर विमागणित, म्हणजे ॲक्च्युरिअल सायन्स, घ्यायचे ठरवले असेल तर वर्ग सुरू होण्यापूर्वीचे दोन-तीन महिने फार मोलाचे आहेत. या विषयात मागे पडणारे विद्यार्थी बहुधा पायाच्या गणितात अडतात. म्हणून आधी विषय काय आहे ते पाहू.

एका बाजारपेठेत १,००० दुकाने आहेत. वर्षाला सरासरी २ दुकानांना आग लागते व प्रत्येकी ५ लाखांचे नुकसान होते. एकूण नुकसान १० लाख, म्हणजे दर दुकानामागे १,००० रुपये. हा झाला मूळ हप्ता. इथवरचा हिशेब कोणीही व्यापारी करील.

पण एखाद्या वर्षी ५ दुकाने जळाली तर? २५ लाख कोठून आणणार? आगींचा एकमेकींशी संबंध नाही असे धरले, तर ५ किंवा अधिक आगींचे वर्ष साधारण १९ वर्षांतून एकदा येते. दुकाने भिंतीला भिंत लागून असतील तर मात्र हा अंदाज कोसळतो, कारण एक आग दुसरी लावते. गंगाजळी किती ठेवावी, हे ठरवणे म्हणजे विमागणित. मलेशियात १९८४ साली तकाफुलचा कायदा झाला. तेथेही सभासदाची वर्गणी ठरवायला हेच गणित लागते.

तयारी अशी करावी :

१. बारावीची गणिताची पुस्तके पुन्हा काढावीत. अवकलन, समाकलन व लॉगरिदम हातात बसले पाहिजेत.

२. संभाव्यता व संख्याशास्त्र रोज सोडवावे. द्विपद, प्वासाँ व प्रसामान्य वितरण आधी पक्के करावे. वरचे १९ वर्षांचे उत्तर प्वासाँनेच निघते. ते स्वतः काढून पाहावे.

३. चक्रवाढीचे गणित उलटे करायला शिकावे. १० वर्षांनी मिळणाऱ्या १ लाखाची आजची किंमत ८ टक्के दराने ४६,३१९ रुपये होते.

४. संगणकावर एक्सेल व 'आर' यांचा सराव ठेवावा.

पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एम.कॉम. झालेला जसा सी.ए. होत नाही, तसा एम.एस्सी. झालेला आपोआप ॲक्च्युअरी होत नाही. भारतात त्यासाठी २००६ च्या कायद्याखालील इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांना बरीच वर्षे लागू शकतात आणि फीही वेगळी असते. म्हणून विद्यापीठाची फी भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत : या पदवीमुळे कोणत्या व्यावसायिक पेपरांत सूट मिळते, आणि त्यासाठी किती गुण लागतात? उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशातच ठेवावेत. सूट नसेल, तर पदवी व परीक्षा असा दुहेरी खर्च झेपेल का, याचा हिशेब घरी बसून आधीच करावा.