वाकळ कशी शिवावी : नवशिक्यांसाठी पहिला धडा

वसतिगृहात मूल प्रथम येते तेव्हा त्याच्यासोबत पत्र्याची पेटी आणि दोरीने बांधलेली वाकळ येत असे, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना निराळे सांगावयास नको. अलीकडे पेटी तीच राहिली आहे. वाकळेच्या जागी मात्र बाजारातील केसाळ ब्लँकेट आले आहे. तेही मऊ असते, परंतु कृत्रिम धाग्याचे असल्यामुळे घाम टिपत नाही. वाकळेचा मऊपणा विकत मिळत नाही, कारण तो वर्षानुवर्षे अंगावर वागवलेल्या आणि धुतलेल्या सुती कापडाचा असतो. करमाळ्याकडे आपण तिला वाकळ किंवा गोधडी म्हणतो, अक्कलकोटकडील कन्नड घरांत तीच कौदी होते. सुती नऊवारी नेसणारी पिढी आज बहुतेक घरांत शेवटची आहे. तिच्यामागे कापडही संपेल आणि शिकविणारी बाईही, म्हणून हा धडा आताच गिरवलेला बरा.

प्रथम कापडाविषयी. जुने लुगडे, धोतर, सुती साडी यांहून उत्तम काही नाही. गुळगुळीत कृत्रिम साडी आत घालू नये; तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि वाकळ गोळा होते. नवे कापड वापरायचेच असेल, तर आधी धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून शिवण ओढते. विरलेला भाग मधल्या थरात आणि धडका भाग वर-खाली ठेवावा. साधारण आठ मीटरचे लुगडे चौघडी केले की सुमारे साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे चार थर एकाच कापडात मिळतात. अशी दोन लुगडी एका माणसाच्या पांघरुणास पुरतात. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेतून येते. म्हणून एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थर बरे.

जुन्या वस्त्राचा असा विचार आपल्याला नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आनंद स्थविरांना विचारतो, की इतक्या चीवरांचे तुम्ही करता काय? ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ, असे ते सांगतात. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरील आच्छादने होतात. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडण्याचे फडके. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, चिखलात मळून जमीन सारवावयाची. राजाचे समाधान होते. आमच्या आज्यांनी चुल्लवग्ग वाचला नव्हता, पण जुन्या लुगड्याचा प्रवास त्या जवळजवळ याच क्रमाने करीत.

आता कृती. पहिलीच वाकळ पूर्ण मापाची घेऊ नये. बाळाच्या दुपट्याएवढी, म्हणजे तीन फूट लांब व अडीच फूट रुंद घ्यावी. सारवलेल्या किंवा फरशीच्या स्वच्छ जमिनीवर खालचा थर पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे निपटून काढावा. एकदा आत राहिलेली चुणी पुढे निघत नाही. मग हातभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सर्व थर जखडावेत. नवशिक्यांना हे काम वेळखाऊ वाटते व ते टाळतात. टाळू नये.

सुई लांब घ्यावी, मात्र दाभण नको. त्याने जुन्या कापडाला भोके पडतात. जाड सुती दोरा दुहेरी करून, हातभरच लांबीचा, मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. गाठ थरांच्या आत लपवावी. कडा आत दुमडून प्रथम चहूबाजूंनी शिवून घ्याव्यात आणि मग धावदोरा घालीत चौकोनामागून चौकोन मध्याकडे सरकावे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर पुरे. जाणत्या बाईचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. आपला हरभऱ्याएवढा आला तरी चालेल, पण सर्व सारखे यावेत.

खरी कसोटी दोरा ओढण्याची. फार ओढला तर वाकळ आखडते आणि कडक होते. सैल सोडला तर पायाची बोटे टाक्यात अडकतात. दर वीतभर शिवणीनंतर तळहाताने ओळ सपाट करून पाहावी. दोरा बेताचा बसला असेल तर दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगून येते. हाताला लागणारा तो उठाव हेच वाकळेचे सौंदर्य होय. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या मागावर विणली जाते. इथे ते काम एकटी सुई करते. वर रंगीत चौकोन किंवा त्रिकोण जोडायचे असल्यास ते थर मांडण्यापूर्वीच वरच्या कापडावर शिवून घ्यावेत.

मोठी वाकळ एकटीने शिवू नये. चौघीजणी चार बाजूंना बसल्या की काम झपाट्याने उरकते, आणि कुणाचा टाका कसा आहे हे न सांगता कळते. वसतिगृहातील मुलांनाही, मुलगे धरून, असेच बसवावे. शिवण हे मुलींचेच काम मानण्याचे कारण नाही. चीवर शिवणारे भिक्खू पुरुषच होते.

वाकळ वर्षातून दोनतीनदा धुवावी. ओली झाली की ती फार जड होते, तेव्हा दोघांनी धरून पिळावी आणि कडक उन्हात, मधून उलटून, पूर्ण वाळवावी. आत ओल राहिली तर कुबट वास येतो. एखादी ओळ उसवली तर तेवढीच पुन्हा घालावी. वरचे कापड फाटले तर जुनी वाकळ तशीच आत ठेवून तिच्यावर नवे लुगडे चढवावे व पुन्हा कडेपासून आरंभ करावा.