रिकामी परतणारी गाडी व शहराचा ओला कचरा

नगर रस्त्यानें भाजीपाला घेऊन पुण्यास जाणारी गाडी खराडीवरून गुलटेकडीच्या बाजारांत जाते आणि माल उतरवून बहुधा रिकामीच परत येते. जाण्याचें भाडें शेतकरी हिशेबांत धरतो. परंतु रिकाम्या परतीचें भाडेंही त्यांतच मिळविलेलें असतें व तें अखेर त्याच्याच पट्टींतून वजा होतें, इकडे आपल्या बंधूंचें लक्ष फारसें जात नाहीं. सबब या जमाखर्चाचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम जातांनाचें ओझें पाहूं. समजा, 10 क्विंटल फ्लॉवरमध्यें 2 क्विंटल जादा पाला व दांडे आहेत. त्यांस गिऱ्हाईक नाहीं. ते बाजारांत खुडून टाकले जातात आणि दुसरी गाडी ते तेथून उचलून नेते. एकाच पाल्यावर असें दोनदां डिझेल जळतें. आणि 1 लिटर डिझेल जळलें असतां सुमारें 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. सबब गड्ड्याच्या रक्षणापुरतीं चार पानें ठेवून बाकीचा पाला शेतांतच काढावा व खतास लावावा.

शहरानें फेंकलेला माल नाहींसा होत नाहीं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी येथें पडला. विहिरींचें पाणी नासल्याच्या तक्रारी तेथील ग्रामस्थांनीं केल्या व अनेकदां आंदोलनें झालीं. ओला कचरा हवेवांचून कुजला म्हणजे मिथेन वायु निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें 28 पट आहे. तोच कचरा हवा देऊन कुजविला तर उत्तम खत होतें. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं 1924 ते 1931 या काळांत इंदूर येथें बसविलेली पद्धति याच तत्त्वावर आहे.

खराडी 1997 सालीं पुणें महानगरपालिकेंत आली. पूर्वीच्या शेतांवर आज कचेऱ्या, दुकानें व खानावळी आहेत, आणि त्यांचा ओला कचरा आपल्या परतीच्या वाटेवरच आहे. ओला कचरा वेगळा ठेवण्याचें बंधन 2016 च्या घनकचरा नियमांनीं घातलें. तेव्हां महानगरपालिकेच्या संमतीनें पुढीलप्रमाणें करितां येईल.

1. पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून एकच गाडी भरावी व परतीच्या भाड्याचा ठराव आधींच करावा.

2. एक-दोन दुकानांशीं बोलून फक्त भाज्या-फळांचा टाकाऊ भाग झांकणाच्या पिंपांत घ्यावा. त्यासाठीं वेगळी फेरी करूं नये. या मालांत बहुतेक पाणीच असतें, व पाण्याचें भाडें खतांतून निघत नाहीं.

3. प्रत्येक पिंप उघडून पाहावें. कांच, प्लॅस्टिक किंवा बॅटरीचे सेल आढळल्यास तें परत करावें. खत नियंत्रण आदेशांत शहरी खतास शिशाची मर्यादा किलोस 100 मिलिग्रॅम व कॅडमियमची 5 मिलिग्रॅम घातली आहे. जमिनींत शिरलेलें शिसें पुन्हां निघणें फार कठीण.

4. खालीं उसाचें पाचट वा वाळला पाला, त्यावर ओला माल व वर शेणकाला असे थर द्यावे. मूठ दाबली असतां हात ओला व्हावा पण पाणी गळूं नये, इतका ढीग ओलसर ठेवावा. सुमारें 15, 30 व 60 दिवसांनीं तो उलथावा. तीन महिन्यांत खत तयार होतें.

तारीख, दुकान व पिंपाचें वजन वहींत टिपावें, म्हणजे भाडें व खत यांचा मेळ वर्षअखेर घालतां येईल. मिसळलेला कचरा फुकट मिळाला तरी महागच पडतो. फुरसुंगीच्या शेतकऱ्यांस कचरा निवडून घेण्याची संधि कोणी दिली नाहीं. आपणांस ती आहे, ती सोडूं नये.