स्मार्टफोनमधील ‘कुकी’ व खासगी माहितीची राखण

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव. धान हे या भागाचे मुख्य पीक होय. पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंतची कामे पूर्वीप्रमाणे बांधीतच होतात; परंतु त्या धानाशी निगडित असलेली कागदपत्रांची बरीच कामे आता फोनवर होऊ लागली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकरी स्वतःच्या फोनवरून करतो. पीएम-किसान योजनेचा दर हप्त्याचा २,००० रुपयांचा भरणा जमा झाला किंवा नाही, हे संकेतस्थळावर पाहिले जाते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान देण्यासाठीही ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाईल क्रमांक या चार गोष्टी अशा रीतीने एकाच लहानशा यंत्रात एकत्र आल्या आहेत.

धानाच्या पुंजण्याची राखण करण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. फोनमधील माहितीची राखण कशी करावी, हे मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात त्यापैकी दोन बाबींचा विचार केला आहे : ब्राउझरमध्ये साठणाऱ्या ‘कुकी’ आणि ॲपना दिलेल्या परवानग्या.

कुकी म्हणजे काय?

ज्या ॲपमधून संकेतस्थळे उघडली जातात त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर होत. संकेतस्थळाची मूळ रचना अशी आहे की, एक पान दाखवून झाल्यावर पुढचे पान मागणारा मनुष्य तोच आहे की दुसरा, हे त्यास आपोआप समजत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत लू मॉन्टुली या तंत्रज्ञाने कुकीची योजना केली.

खरेदी केंद्रावर गर्दी असता शेतकऱ्यास क्रमांकाचा बिल्ला देतात. पुन्हा खिडकीवर गेल्यावर तो बिल्ला दाखविला की, कोणाचे वजन झाले आणि कोणाचे राहिले हे कारकुनास कळते. कुकी हा असाच बिल्ला होय. संकेतस्थळ एक लहानशी अक्षर-अंकांची नोंद फोनमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी ब्राउझर ती नोंद आपण होऊन परत दाखवितो. यामुळे भाषा पुन्हा पुन्हा निवडावी लागत नाही व प्रत्येक पानावर पासवर्ड टाकावा लागत नाही.

कुकी म्हणजे विषाणू नव्हे. ती फोनमधील छायाचित्रे किंवा संपर्क-यादी वाचू शकत नाही. यास्तव कुकीचे नाव ऐकताच भिण्याचे कारण नाही. मात्र कोणती कुकी ठेवावी आणि कोणती ठेवू नये, याचा विवेक अवश्य हवा.

कुकीचे दोन प्रकार

जे संकेतस्थळ उघडले आहे त्याचीच कुकी असेल तर ती पहिल्या पक्षाची कुकी होय. काम सुरळीत चालण्यासाठी हिची गरज असते.

दुसरा प्रकार तृतीय पक्षाच्या कुकींचा. पुष्कळ पानांवर जाहिरातीची पट्टी असते. ही पट्टी बहुधा निराळ्याच कंपनीकडून येते आणि तीही आपली कुकी ठेवू शकते. तीच कंपनी शेकडो संकेतस्थळांवर जाहिराती देत असल्यास, एकच फोन कोणकोणत्या पानांवर गेला याचा माग तिला लागतो. फवारणी पंपाची किंमत एका ठिकाणी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या पानावर पंपाचीच जाहिरात दिसली, तर त्यामागे बहुधा अशीच एखादी नोंद असते. जाहिरात दिसणे म्हणजे चोरी नव्हे; परंतु ज्यास कर्जाची निकड आहे हे इतरांस कळते, त्याच्यापुढेच झटपट कर्जाची प्रलोभने अधिक येतात, हे ध्यानी घ्यावे.

खरा धोका कोठे आहे?

शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा धोका जाहिरातीच्या कुकीपेक्षा प्रवेशाच्या कुकीत आहे. पासवर्ड टाकून आत गेल्यावर संकेतस्थळ जी कुकी देते ती किल्लीप्रमाणे असते. ती फोनमध्ये आहे तोवर पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. बँकांची संकेतस्थळे थोडा वेळ वापर न झाल्यास बहुधा आपोआप बंद होतात. परंतु ई-मेल व समाजमाध्यमांची खाती महिनोन्‌महिने उघडी राहू शकतात.

समजा, एकोडीतील एका शेतकऱ्याचा फोन बिघडला. त्याने पुतण्याच्या फोनवर स्वतःचे ई-मेल खाते उघडले, एक कागद पाठविला आणि केवळ ब्राउझर बंद करून फोन परत दिला. खाते बंद झाले असे त्यास वाटले; वास्तविक ते उघडेच राहिले. पुढे तो फोन विकला गेला अथवा दुरुस्तीस दिला गेला, तर ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती ई-मेल. इतर अनेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ई-मेलवरच येत असल्याने, ही एक किल्ली गेली की बाकीची कुलुपेही सैल होतात. येथे पुतण्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चूक आहे ती बाहेर पडण्याच्या रीतीत.

यास्तव पहिला नियम असा : काम संपल्यावर ‘लॉग आउट’ अथवा ‘साइन आउट’ करूनच बाहेर पडावे. पान मिटणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे.

कुकी पुसण्याची रीत

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम हा ब्राउझर असतो. फोनच्या व ॲपच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. तथापि क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो.

१. क्रोम उघडून वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट टेकवावे.

२. ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ हा पर्याय निवडावा.

३. कालावधी नीट पाहावा. कित्येकदा आरंभी केवळ शेवटची १५ मिनिटे निवडलेली असतात. सर्व जुन्या कुकी काढावयाच्या असल्यास संपूर्ण कालावधी निवडावा.

४. ‘कुकी आणि साइट डेटा’ यापुढे खूण असल्याची खात्री करून मग हटवावे.

असे करण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, कुकी पुसल्यावर संकेतस्थळांवर पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून पासवर्ड ठाऊक असल्याची आणि नोंदणीचा मोबाईल क्रमांक चालू असल्याची खात्री आधी करावी. दुसरी, ब्राउझरने साठविलेले पासवर्ड हे कुकीहून वेगळे असतात. केवळ कुकी पुसल्याने ते जात नाहीत. तिसरी, संकेतस्थळास पूर्वी दिलेली माहिती त्याच्याकडे राहतेच. बिल्ला फाडल्याने केंद्राच्या वहीतील नोंद पुसली जात नाही.

सर्व कुकी काढण्याची गरज नसेल, तर ‘साइट सेटिंग्ज’मधील सर्व साइटच्या यादीतून नको असलेल्या एका साइटचाच डेटा हटविता येतो. रोवणीनंतर बांधीतील तण वेचावे, तसे हे काम होय. धान जागेवर राहते आणि तण तेवढे निघते.

तृतीय पक्षाच्या कुकींना अटकाव करण्याचा पर्यायही याच सेटिंग्जमध्ये आहे. या कुकी क्रोममधून समूळ काढण्याचा विचार गूगलने पुढे सोडून दिला. त्यामुळे नेहमीच्या वापरात त्या रोखावयाच्या की नाही, हे वापरणाऱ्यानेच ठरवावयाचे आहे. सर्वसाधारण वापरासाठी त्या रोखणे हितावह. एखादे पान त्यामुळे नीट न चालल्यास त्या एका साइटपुरती सवलत द्यावी. सर्वांसाठी दार उघडू नये. तसेच, काही संकेतस्थळांवर ‘कुकी स्वीकाराव्यात काय?’ असा प्रश्न येतो. तेथे नाकारण्याचा किंवा आवश्यक तेवढ्याच स्वीकारण्याचा पर्याय असल्यास तोच निवडावा.

दुसऱ्याच्या फोनवर काम करताना

घरात एकच चांगला फोन असणे आणि तो चौघांनी वापरणे, ही खेड्यात सामान्य गोष्ट आहे. अशा वेळी क्रोममध्ये नवीन गुप्त टॅब, म्हणजेच इनकॉग्निटो, उघडून काम करावे. काम झाल्यावर सर्व गुप्त टॅब मिटले की त्यातील कुकी व पानांचा इतिहास फोनमध्ये राहत नाही. परंतु उतरवून घेतलेल्या फाइली तशाच राहतात. सातबारा किंवा पासबुकाची प्रत घेतली असल्यास ती हाताने पुसावी. गुप्त टॅबमुळे संकेतस्थळापासून अथवा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून काही लपते, असा समज करून घेऊ नये.

‘पासवर्ड जतन करावा काय?’ असे परक्या फोनवर विचारले असता नेहमी नकार द्यावा. पूर्वी कोठे खाते उघडे राहिले असेल अशी शंका असल्यास, स्वतःच्या फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर जावे. तेथे खाते कोणकोणत्या फोनवर चालू आहे त्याची यादी असते व अनोळखी फोनवरील खाते तेथूनच बंद करता येते. व्हॉट्सॲपमध्येही जोडलेल्या उपकरणांची अशी यादी आहे. तीही पाहावी.

ॲपच्या परवानग्या

कुकीची पोच ब्राउझरपुरती असते. ॲपला दिलेल्या परवानगीची पोच फार लांब जाते. ॲपला संदेश वाचण्याची परवानगी मिळाल्यास बँकेचा ओटीपी त्यास दिसू शकतो.

परवानगी देताना एकच प्रश्न विचारावा : या कामास हिची गरज आहे काय? ई-पीक पाहणीत शेतातून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. तेथे कॅमेरा व ठिकाण यांची परवानगी योग्यच होय आणि ती नाकारल्यास काम अडेल. तीसुद्धा ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच द्यावी. याउलट, बॅटरीच्या ॲपने संपर्क-यादी मागितली किंवा कर्ज देणाऱ्या ॲपने छायाचित्रे मागितली, तर नकार देणे हेच शहाणपणाचे. फोनच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात ‘परवानगी व्यवस्थापक’ असतो. तेथे कोणत्या ॲपला काय दिले आहे हे एकत्र दिसते व दिलेले परत घेता येते. अँड्रॉइड १२ व त्यापुढील फोनमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांकही याच भागातून हटविता येतो.

व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल आली, तिच्यावर पीएम-किसानसारख्या योजनेचे नाव असले तरी, ती उघडू नये. अशा फाइलींतून पैसे लुबाडल्याचे प्रकार देशात घडले आहेत. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरून अथवा शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरूनच घ्यावे.

कायद्याचे पाठबळ

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती घेणाऱ्यांवरील बहुतेक बंधने नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असली पाहिजे, ती परत घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि त्याविषयीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोय असली पाहिजे. तथापि, कायदा बांधावर येऊन पहारा देत नाही. सेटिंग्ज ज्याच्या त्यानेच पाहावयाच्या आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी हा विषय व्याख्यान देऊन न शिकविता प्रत्यक्ष करून दाखवावा. पाच-सहा शेतकऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येकास त्याच्याच फोनवर करावयास सांगावे; फोन स्वतःच्या हाती घेऊ नये. पासवर्ड किंवा ओटीपी कोणी सांगू लागल्यास त्यास तेथेच थांबवावे. ज्या कार्यकर्त्याच्या फोनवर अनेक शेतकऱ्यांचे अर्ज भरले जातात, त्याने प्रत्येक अर्जानंतर लॉग आउट करून फाइली पुसाव्यात; एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या अर्जास जोडली जाण्याची चूकही त्याने टळते. महिलांच्या बैठकीत हा पाठ अवश्य घ्यावा, कारण बचत गटाचे व घरचे बरेच व्यवहार त्यांच्या फोनवर येतात.

फोनची तपासणी वर्षातून निदान तीनदा करावी : रोवणीपूर्वी, ई-पीक पाहणी आटोपल्यावर आणि धानाचे पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्यात जुन्या कुकी काढाव्यात, परवानग्या पाहाव्यात व नको ती ॲप काढून टाकावीत.

इतके करूनही खात्यातून पैसे गेल्यास लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढे गेलेली रक्कम मध्येच अडविण्याची शक्यता अधिक असते. धुऱ्याला भगदाड पडल्याचे दिसताच शेतकरी पहाटेची वाट न पाहता कुदळ घेऊन निघतो. येथेही तीच तत्परता उपयोगी पडते.