तांबे खाणारे द्रावण कोमट का करावे?

इलेक्ट्रॉनिक मंडलाची पाटी घरी तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांना थंडीच्या दिवसांत एक अनुभव हमखास येतो. तांब्याचा थर दिलेल्या पाटीवर रंगाने रेघा काढून ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडावी, तर अर्धा तास झाला तरी उघडे तांबे तसेच! आणि नुसती वाट पाहत बसणेही बरे नव्हे. पाटी फार वेळ द्रावणात राहिली की रंगाच्या कडा सुटू लागतात, द्रावण आत शिरते आणि बारीक रेघ मध्येच तुटते.

हा थर जेमतेम 35 मायक्रोमीटर जाडीचा असतो. मग वेळ का लागावा? फेरिक आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन फेरस बनतो. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून एका अणूमागे दोन फेरिक आयन खर्ची पडतात. पाटीलगतचे आयन संपले की दुरून नवे यावे लागतात, आणि विरघळलेले तांबे तेथून हलावे लागते. खरी अडचण या ये-जा करण्यात आहे. द्रावण तापले की ते पातळ होते, आयनांची हालचाल वाढते आणि काम भराभर होते. मात्र 'दर 10 अंशांना वेग दुप्पट' हा ठोकताळा येथे पुरता लागू पडत नाही. तबक हळूहळू हलवत राहणे हे तापवण्याइतकेच महत्त्वाचे!

तापमान 40 ते 45 अंश सेल्सियस पुरे. त्याहून फार वाढवले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून डोळे व घसा चुरचुरतो. द्रावण शेगडीवर कधीही ठेवू नका. प्लॅस्टिकच्या घमेल्यात गरम पाणी घ्या, त्यात द्रावणाचे प्लॅस्टिकचे तबक ठेवा आणि काचेच्या उष्णतामापीने पाहत राहा. ॲल्युमिनियमचे भांडे तर मुळीच नको. द्रावण त्यावर जोराने क्रिया करते, भांडे तापते व हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि जवळ शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस, एवढे हवेच. (कपड्यावर पडलेला पिवळा डाग सहसा जात नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा!)

आता एक प्रयोग. पाटीचे सारखे तीन तुकडे घ्या. पहिला थंड द्रावणात हलवत ठेवा, दुसरा 45 अंशांच्या द्रावणात हलवत आणि तिसरा तशाच कोमट द्रावणात स्थिर. प्रत्येकाचे तांबे जायला किती मिनिटे लागली ते वहीत लिहा. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील फरकावरून वरचे म्हणणे ताडून पाहता येईल.

वापरलेले द्रावण मोरीत, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. विरघळलेले तांबे माशांना विषारी असते. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत नाव लिहून ठेवा, पुन्हा अनेकदा वापरता येते. अगदीच निकामी झाले की शिक्षकांच्या देखरेखीखाली मोठ्या भांड्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फसफस थांबून गाळ खाली बसला की तो गाळून, वाळवून, घातक कचरा म्हणून वेगळा द्या.