मोटारसायकलचे गुडघे

माणूस ओट्यावरून खाली उडी मारतो, तेव्हा काय होते? पाय जमिनीला टेकतात आणि गुडघे आपोआप वाकतात. गुडघे वाकतात म्हणून हिसका कमरेपर्यंत पोचत नाही. गुडघे ताठ ठेवून कोणी उडी मारली तर दातावर दात आपटतील. पाठीला कळ लागेल.

मोटारसायकललाही असे गुडघे असतात. पुढे दोन आणि मागे दोन. काही गाड्यांना मागे एकच असतो. गॅरेजात त्यांना शॉकअप म्हणतात.

आज खेड्यापाड्यांत घरोघर मोटारसायकल आली आहे. दूध, भाजी, खताची गोणी, शाळेची पोरे, सारे तिच्यावरच जाते. इंजिनाचे तेल लोक वेळेवर बदलतात. पण शॉकअपकडे कोणी पाहत नाही. म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहोत.

स्प्रिंगचे काम

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढले की तो दणका सरळ बसणाऱ्याच्या हाडांत जातो. टांग्याला मात्र पोलादी पाट्यांची कमान असे. कमान दबे आणि दणका अर्धा होई.

शॉकअपमध्ये पाटे नसतात. जाड पोलादी तारेची वेटोळी स्प्रिंग असते. स्प्रिंगचा एक नियम आहे. ओझे दुप्पट झाले की स्प्रिंग दुप्पट दबते. इंग्लंडमधील रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ साली हा नियम छापून प्रसिद्ध केला. म्हणजे एकटा माणूस बसला तर स्प्रिंग थोडी दबते. मागे बायको आणि मूल बसले की जास्त दबते. वर दोन गोण्या टाकल्या की दबायला जागाच उरत नाही.

पण एकटी स्प्रिंग फार नाचरी असते, बरं का! दाबून सोडली की वर उसळते, खाली येते, पुन्हा उसळते. टांग्याचे पाटे एकमेकांवर घासत, म्हणून ते लवकर शांत होत. वेटोळ्या स्प्रिंगला असे घासायला काही नाही. मग तिला शांत कोण करणार?

तेलाचे काम

रंगपंचमीची पिचकारी आठवा. पाणी भरून दट्ट्या हळू दाबला तर सहज आत जातो. जोराने दाबला तर हात अडतो. कारण छिद्र लहान असते. एवढे पाणी एकदम बाहेर जाऊ शकत नाही.

शॉकअपच्या आत हेच चालते. आत तेल असते आणि तेलाला जायला बारीक छिद्रे असतात. स्प्रिंग उसळू लागली की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते. तेल अडते, म्हणून स्प्रिंगही अडते. एकदा उसळते आणि गप्प बसते.

जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आर-१२ नावाची मोटारसायकल विकायला काढली. तिच्या पुढच्या चाकाला एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि आत तेल, अशी रचना होती. आपल्या गाड्यांचे पुढचे शॉकअप बहुतेक याच घडणीचे असतात.

तेव्हा दोन कामे वेगळी ओळखा. स्प्रिंग ओझे पेलते. तेल चाकाला रस्त्यावर टेकवून ठेवते.

जिवाचा प्रश्न

पुष्कळ लोक म्हणतात, "शॉकअप गळतोय ना? गळू द्या. थोडी गाडी आदळेल, एवढंच ना?"

एवढेच नाही. नीट विचार करा. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता. चाक रस्त्याला घट्ट टेकलेले असेल तरच गाडी थांबते. आतले तेल गेले की खडबडीत रस्त्यावर चाक टणाटण उडते. चाक उडालेले असताना ब्रेक दाबला तर चाक थांबेल, पण गाडी पुढेच जाईल. वळणावर असे झाले तर गाडी घसरेल.

दुसरा धोका आणखी वाईट आहे. गळालेले तेल खाली ओघळते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर ते तेल डिस्कच्या पत्र्यावर जाते. मग ब्रेक दाबला तरी नुसता घसरतो.

आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्याचे असेच झाले. त्याच्या पुढच्या शॉकअपला तेलाचे कडे दिसत होते. तो रोज फडक्याने पुसायचा आणि निघायचा. दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन असायचे. एका सकाळी उतारावर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही. दूध गेले ते गेलेच. पाय मोडला आणि तीन महिने घरी बसावे लागले. घरात कमावता तो एकटाच. ज्या रबरी कड्यासाठी हे घडले, ते कडे एका दिवसाच्या दुधाच्या पैशात आले असते.

दर आठवड्याला पाहा

पाहणीला दहा मिनिटे लागतात. पाना लागत नाही. पैसा लागत नाही.

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. पुढचा ब्रेक धरा. हँडल जोराने खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा हलत राहिली तर तेल कमी झाले आहे किंवा खराब झाले आहे.

२. पुढच्या शॉकअपचा चकचकीत पाइप पाहा. त्यावर बोट फिरवा. बोटाला तेल लागले तर ऑइल सील गेले असे समजा. ऑइल सील म्हणजे तेल आत अडवून धरणारे रबरी कडे. पाइपावर रबरी मोजा असेल तर तो वर सरकवून पाहा.

३. त्याच पाइपावर नख फिरवा. नख कुठे अडकते का? अडकले तर तिथे गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे. तो खड्डा सीलला करवतीसारखा कापतो.

४. गाडी डबल स्टँडवर लावा. दुसऱ्या माणसाला मागून गाडी दाबायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलेल. आता पुढच्या शॉकअपची खालची टोके धरून मागे-पुढे ओढा. 'टक टक' वाजले तर हँडलचा कोनसेट ढिला आहे किंवा आतले बुश झिजले आहेत.

५. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवा. चाकाला धरणारा चिमटा हलला तर त्याचे बुश पाहून घ्यावे लागतील.

६. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसते का, तेही पाहा.

रोजची निगा

चिखलातून आलात की चकचकीत पाइप ओल्या मऊ फडक्याने पुसा. वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने घासू नका. चिखलात रेती असते. ती पाइपावर ओरखडे काढते.

गाडी धुताना मोटारीच्या पाण्याचा जोरदार फवारा सीलवर धरू नका. पाणी आणि रेती आत घुसते. रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. रबर फुगते आणि खराब होते.

टायरमध्ये हवा बेताची ठेवा. फार हवा भरली की टायर दगडासारखे होते आणि सगळा मार शॉकअप खातो.

पुष्कळ गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाली पायऱ्यांचे कडे असते. मागे माणूस बसणार असेल तर कडे वरच्या पायरीवर घ्यावे. एकट्याने जायचे असेल तर खालच्या. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच ठेवावी. पण एक ध्यानात ठेवा. कडे फिरवले म्हणून स्प्रिंगची ताकद वाढत नाही. गाडी फक्त थोडी उचलते. कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त ओझे लादू नये ते नयेच.

गॅरेजात गेल्यावर

शॉकअपचे तेल गळाले नाही तरी जुने होते. चालून चालून ते काळे आणि पातळ पडते. त्याला वास येतो. ते किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

लहान गाडीच्या एका शॉकअपमध्ये साधारण १५० ते २०० मिलिलिटर तेल बसते. नेमके माप पुस्तकात पाहावे. तेल अंदाजाने ओतू देऊ नये. मापाच्या भांड्याने मोजून घ्यावे. दोन्ही बाजूंना सारखे घ्यावे. कमी पडले तर गाडी नाचते. जास्त झाले तर आत हवेला जागा राहत नाही. मग शॉकअप ताठ होतो आणि सील पुन्हा फुटते.

एका बाजूचे सील गेले तरी दोन्ही बाजूंचे काम एकदमच करावे. एक पाय नवा आणि एक पाय थकलेला, असा माणूस सरळ चालत नाही. मागचे शॉकअपही जोडीनेच बदलावेत. पाइपाला खड्डे असतील तर नुसते सील बदलून भागत नाही. आठ दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. तेव्हा पाइपाचे काय करायचे, हे मिस्त्रीला आधीच विचारून घ्यावे.

कोणी म्हणेल, "इंजिनाचे जुने तेल घालू, काय फरक पडतो?" फरक पडतो. त्या तेलात लोखंडाची बारीक पूड असते. ती आतले भाग खाते.

हे घरी करू नका

पुढच्या शॉकअपचे वरचे झाकण घरी उघडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. झाकण सुटले की गोळीसारखे उडते. डोळा जाऊ शकतो.

मागच्या काही शॉकअपमध्ये दाबाखाली भरलेला वायू असतो. अशा शॉकअपला छिद्र पाडणे, तापवणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे मरणाशी खेळ आहे.

डिस्कच्या पत्र्यावर तेल दिसले तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी टेम्पोत टाकून न्या.

एक वही ठेवा

आजवर मिस्त्री सांगेल ते आपण ऐकत होतो. तेल कधी बदलले, हे त्यालाही आठवत नसे आणि आपल्यालाही नसे. आता तुम्हाला अक्षर आले आहे, आकडा आला आहे. एक लहान वही करा. तारीख लिहा. गाडीच्या काट्यावरचे किलोमीटर लिहा. काय काम केले ते लिहा. म्हणजे पुढचे काम केव्हा करायचे, हे वहीच सांगेल. गाडीचे पुस्तक इंग्रजीत असले तरी त्यातले आकडे तुम्हाला वाचता येतील. अडले तर शाळेत जाणाऱ्या मुलीला विचारा. त्यात लाज कसली?

लक्षात ठेवा

स्प्रिंग ओझे पेलते, तेल चाक टेकवून ठेवते.
बोटाला तेल लागले की सील पाहा.
दोन्ही बाजूंचे काम बरोबर करा.
चाक रस्त्यावर टेकले तरच ब्रेक कामाचा.

प्रश्न

१. टांग्याचे पाटे लवकर शांत होत, पण वेटोळी स्प्रिंग नाचत राहते. असे का?
२. तेल गेलेल्या गाडीचा ब्रेक नीट का लागत नाही? दोन कारणे सांगा.
३. आज घरी गेल्यावर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचे हँडल दाबून पाहा. गाडी किती वेळा हलली? तारीख घालून वहीत लिहा.