नाव तुमचं, चाव्या दुसऱ्याच्या

गेमिंगमध्ये करिअर करू पाहणारी मुलं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांना खेळाडू किंवा स्ट्रीमर व्हायचं असतं. कम्युनिटी मॅनेजर, म्हणजे गेम कंपनी आणि खेळाडू यांच्यामधला दुवा, व्हायचंय असं म्हणणारा एखादाच. हे त्या एखाद्यासाठी आहे. या कामावर मी आधी पगार मिळवला, मग पुण्यात स्वतःचा छोटा व्यवसाय उभा केला. यातले धोके बाहेरून दिसत नाहीत.

नवा पॅच येतो, आवडती बंदूक कमजोर होते, सर्व्हर बसतो, कुणाचं अकाउंट बंद होतं. खेळाडू कंपनीला ओळखत नाहीत, तुम्हाला ओळखतात. मध्यरात्री डिस्कॉर्डवर मेसेज पडतो, ‘दादा, आयडी गेला, काहीतरी कर ना.’ निर्णय तुम्ही घेतलेला नसतो, बऱ्याचदा तुम्हालाही तो खेळाडूंच्या थोडासाच आधी कळलेला असतो. पण उत्तर तुमच्या नावानं जातं आणि ते खोटं ठरलं तर पत तुमची जाते. म्हणून वरून कुणी तोंडी सांगितलेली तारीख कधीही जाहीर करू नका. ती मेलवर मागा. मेल येत नसेल तर ‘तपास चालू आहे’ एवढंच लिहा. लोक चिडतील, पण दोन महिन्यांनी तुमच्या शब्दाला किंमत राहील.

व्यवसायात हाच प्रश्न पैशाच्या रूपात येतो. आम्ही स्पर्धाही भरवतो; त्यांच्या बक्षिसाच्या रकमेबद्दल मी जरा विस्तारानं सांगतो, कारण चांगली माणसं इथेच बुडताना पाहिली आहेत. आमच्या एका स्पर्धेला स्पॉन्सर होता, करारावर सह्या होत्या, पोस्टरवर त्याचा लोगो होता. अंतिम सामने झाले आणि त्याच्याकडून उत्तरं येणं थांबलं. जिंकलेली मुलं नांदेडची, बार्शीची; एकानं मित्राचा फोन मागून घेऊन सामने खेळले होते. त्यांनी स्पॉन्सरला फोन केला नाही, मला केला. ‘दादा, पैसे कधी?’ त्यांना करार दाखवून काय उपयोग? पदरमोड करून आम्ही बक्षिसं दिली. तेव्हापासून आमचा नियम आहे, बक्षिसाची पूर्ण रक्कम वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय पोस्टर निघत नाही. या नियमापायी कामं हातची जातात. जाऊ द्यावीत.

अडकलेल्या बिलांसाठी कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे फार थोड्या तरुण उद्योजकांना माहीत असतं. उद्यम नोंदणी मोफत होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या पुढे रखडवता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी पहिलं बिल फाडण्याआधी करा.

दुसरा मोठा धोका म्हणजे एकाच खेळावर सगळा डोलारा. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारनं 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. 30 ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हरही थांबले. पुढे जुलै 2021 मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये स्टोअरमधून गेला, मे 2023 मध्ये परतला. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवरही बंदी आली होती. बंदीची कारणं योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. पण ज्या आयोजकांच्या ग्रुपची ओळख फक्त खेळाच्या नावावर होती, त्यांची माणसं पांगताना मी पाहिली. जिथे गावाच्या, कॉलेजच्या ओळखीनं मुलं जमली होती, तिथे ती एकमेकांसाठी थांबली आणि दुसरा खेळ खेळू लागली. नवा ग्रुप काढताना त्याला खेळाचं नाव देऊ नका. डिस्कॉर्ड सर्व्हरची मालकी कुणाच्या अकाउंटवर आहे, काम संपल्यावर ती कुणाकडे जाईल, हेही करारात आधीच लिहून घ्या. वर्षानुवर्षं जपलेला सर्व्हर एका मेलनं हातातून जातो.

पैसे लावून खेळायच्या ॲप्सचे प्रस्ताव या धंद्यात सतत यायचे आणि ते इतर कामांपेक्षा कितीतरी जास्त पैसे द्यायचे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं असे खेळ तर बंद केलेच, त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यानं मान्यता दिली. तिथे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवरचं बक्षीस चालतं, पैज चालत नाही. हा फरक पाठ असू द्या. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं, कारण तुमच्या सर्व्हरवर पंधरा वर्षांची मुलं आहेत आणि ती तुमचा शब्द मोठ्या भावाचा शब्द म्हणून ऐकतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घेण्याची अट या कायद्यात आहे, त्यामुळे नोंदणीच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारताना पुढची तयारी ठेवा.

शेवटी मॉडरेटर, म्हणजे सर्व्हरवरच्या गप्पांवर लक्ष ठेवणारी माणसं. शिवीगाळ, धमक्या, मुलींना येणारे घाणेरडे मेसेज हे सगळं सर्वांत आधी त्यांच्या डोळ्यांसमोर येतं आणि बहुतेक ठिकाणी मोबदला म्हणून नावापुढे एक रंगीत बिल्ला मिळतो. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीसाठी असंच विनावेतन काम केलेल्या स्वयंसेवकांनी 1999 मध्ये दावा लावला आणि तो 2010 मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. आमच्याकडे मॉडरेटरला पहिल्या महिन्यापासून मानधन असतं, पाळी ठरलेली असते आणि धमकी आली तर सायबर पोलिसांत तक्रार द्यायला आमच्यापैकी कुणीतरी सोबत जातं. हा खर्च प्रत्येक कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. ग्राहक ती ओळ काढायला सांगतो, तेव्हा आम्ही कोटेशन परत घेतो.