पिंपातील दुधी आणि गंगेची वाळू

वाराणसीचे घाट गंगेच्या डाव्या तीरावर आहेत. समोरच्या उजव्या तीरावर, थोडे वरच्या अंगाला रामनगर वसले आहे. काशीनरेशांच्या अठराव्या शतकातील किल्ल्यामुळे हे गाव पर्यटकांना परिचित आहे. भाजीच्या जाणकारांना मात्र ते ओळखीचे आहे ते ‘भंटा’ या नावाच्या मोठ्या गोल वांग्यासाठी. या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो वांग्याचा नव्हे, दुधी भोपळ्याचा. आणि त्यासाठी प्रथम नदीकाठची वाळू पाहिली पाहिजे.

पावसाळ्यानंतर गंगेचे पाणी ओसरले की वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. उत्तर भारतात अशा जमिनीस ‘दियारा’ म्हणतात. या वाळूत स्वतःचा असा कस जवळजवळ नसतो. तरीही शेकडो वर्षांपासून तेथे दुधी, काकडी, कलिंगड यांची पिके घेतली जातात. पद्धत साधी आहे. वाळूत खड्डे किंवा चर खणावयाचे, त्यांत कुजलेले शेणखत व गाळाची माती भरावयाची आणि त्यातच बी टोकावयाचे. थंडीतील कोवळ्या रोपांना वारा लागू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूस वाळक्या गवताचे कूड उभे करतात. उन्हाळ्यात फळे निघतात आणि पुढील पूर येण्यापूर्वी शेत आवरले जाते. विदर्भातील नदीपात्रांत दिसणाऱ्या डांगरवाड्या याच जातीच्या.

खताने भरलेला हा खड्डा म्हणजे वस्तुतः एक कुंडीच होय. तिच्याभोवती वाळू आहे, म्हणून ती कुंडी वाटत नाही इतकेच. दुधीच्या वेलाला अन्नासाठी एकर-दोन एकर जमीन लागत नाही; थोड्या जागेत पुरेसे सेंद्रिय खत मिळाले तरी त्याचे भागते. शहरातील गच्चीवर पिंपात दुधी पिकविता येतो तो याच आधारावर.

मात्र दोहोंत एक मूलभूत फरक आहे आणि गच्चीवरचे बहुतेक अपयश त्यातून उद्भवते. वाळूतील खड्ड्याखाली नदीचा ओलावा असतो. मुळे खाली उतरून तो गाठतात. पिंपाखाली असतो तापलेला काँक्रीटचा स्लॅब. वेलाची मोठी पाने वैशाखातील दुपारी झपाट्याने पाणी उडवितात आणि पिंपातील साठा सायंकाळपर्यंत संपतो. म्हणून पिंपाची रचना करतानाच नदीकाठची ती ओल कशी साठविता येईल हे पाहावे लागते.

त्यासाठी दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप मधोमध आडवे कापावे. प्रत्येक अर्ध्यात एक किंवा फार तर दोन वेल लावावेत. पिंपात पूर्वी रसायने किंवा कीटकनाशके भरलेली नसावीत. निचऱ्याची छिद्रे अगदी बुडाला न पाडता बाजूस, तळापासून दोन बोटे वर पाडावीत. तळाशी विटांचे तुकडे पसरावेत. छिद्रांखाली राहिलेले थोडे पाणी त्या विटा शोषून घेतात आणि वर पोहोचवितात. शिवाय मातीचे, आतून-बाहेरून न रंगविलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवावे. ते सावकाश पाझरत राहते. ही जुनी युक्ती आजच्या ठिबक संचाहून कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि नारळाचा भुसा समभाग घ्यावा. वर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे.

घरच्या ओल्या कचऱ्यातून अशी माती तयार होऊ शकते. प्रीती पाटील यांनी २००२ पासून तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथील स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर बाग फुलवून हे दाखवून दिले.

वजनाचा विचार आधी करावा. ओल्या मातीने भरलेले अर्धे पिंप सव्वाशे ते दीडशे किलोंपर्यंत जाते. ते स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा खांबाजवळ, विटांवर ठेवावे. गृहनिर्माण संस्थेची अनुमती व अभियंत्याचा सल्ला घेतलेला बरा. अंगण असल्यास हा प्रश्नच नाही. तेथे वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. कोकणात पावसाळी लागवडीसाठी तर तोच हिताचा, कारण तेथे वैरी दुष्काळ नसून साचलेले पाणी असते.

बी जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जून-जुलैत, रात्रभर भिजवून लावावे. वाराणसी जिल्ह्यातील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचा ‘काशी गंगा’ हा वाण सुमारे एक फूट लांबीची फळे देतो व त्याची पेरे आखूड असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’ महाराष्ट्रात परिचित आहे. वेल मांडवाला टेकला की शेंडा खुडावा. मुख्य वेलावर प्रामुख्याने नरफुले येतात, मादीफुले बाजूच्या फांद्यांवर अधिक. ही पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग परागीभवन करतात. पाचव्या-सहाव्या मजल्यावर पतंग येतीलच असे नाही. मग फुलांमागची इवलीशी फळे पिवळी पडून गळतात आणि दोष विनाकारण खताला दिला जातो. अशा वेळी दिवेलागणीला नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. फळमाशीसाठी कामगंध सापळा लावावा. परागीभवनानंतर साधारण दोन आठवड्यांत, साल नखाने सहज टोचली जाते तोवर, फळ काढावे.

पाण्याची हयगय झाली तर केवळ उत्पन्न घटते असे नाही. भोपळवर्गीय वनस्पतींत कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या दुधीत ती नगण्य असली तरी उष्णता व पाण्याचा ताण पडल्यास वाढू शकतात. दिल्लीत २०१० मध्ये कडू दुधीचा रस घेतल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधी वा त्याचा रस सेवन करू नये असे सांगितले. घरचे, विनाफवारणीचे फळ म्हणून येथे सूट नाही. कापल्यावर लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे. शिजविल्याने हा दोष जात नाही. रस प्यायल्यानंतर उलट्या वा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. अशा वेलाचे बीही पुढील हंगामासाठी ठेवू नये.

वेल आटोपल्यावर पिंपातील माती उपसून उन्हात पसरावी, तिच्यात नवे खत मिसळावे आणि लगेच दुसरा भोपळा किंवा काकडी न लावता त्या जागी मेथी अथवा पालक घ्यावा.